आतून कळणे आणि बाहेरून ओळखणे



आपल्या घरांतील महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना अलीकडे एक छंद लागला आहे. कादंबरी वाचून झाली किंवा चित्रपट पाहून झाला, की त्यातील पात्रांची ते चार इंग्रजी अक्षरांत वर्गवारी करतात. शेरलॉक होम्सच्या नावापुढे 'आयएनटीपी' लिहावे की 'आयएनटीजे', यावर त्यांचे वाद रात्री उशिरापर्यंत रंगतात. वडीलधाऱ्यांना हा पोरखेळ वाटतो. मला त्यात एक जुना व गंभीर प्रश्न दिसतो. दुसऱ्याचे अंतरंग आपल्याला कळले असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय घडलेले असते? आणि ते कळल्यावर त्या माणसाशी आपण कसे वागावे?

या वर्गवारीचा उगम स्विस मनोवैद्य कार्ल गुस्ताव युंग यांच्या १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या, मानसिक प्रकारांवरील ग्रंथात आहे. युंग हे एका रिफॉर्म्ड पाळकाचे पुत्र. त्यामुळे असेल कदाचित, पण त्यांच्या ग्रंथाचे पहिले प्रकरण मंडळीच्या इतिहासात बरेच रमते. टर्टुलियन आणि ओरिजेन यांचा वृत्तिभेद, पुढे प्रभुभोजनाविषयी ल्यूथर आणि झ्विंग्ली यांच्यात झालेला वाद, या सर्वांकडे ते स्वभावाच्या दृष्टीने पाहतात. याच ग्रंथातील एक संपूर्ण प्रकरण कार्ल स्पिटेलर या स्विस कवीच्या प्रोमेथ्यूस व एपिमेथ्यूस या दोन पात्रांवर आहे. तेव्हा काल्पनिक पात्रांचे प्रकार ठरवण्याची रीत आपल्या मुलांनी काढलेली नाही. ती मूळ ग्रंथाइतकीच जुनी आहे.

युंग यांनी मनाची चार कार्ये मानली : विचार, भावना, संवेदन आणि अंतःप्रज्ञा. पहिली दोन निवाडा करतात, उरलेली दोन केवळ ग्रहण करतात. संवेदन डोळ्यांपुढचे टिपते. अंतःप्रज्ञा नेणिवेच्या वाटेने येते. ती एखादी गोष्ट अख्खी मनापुढे ठेवते, पण ती कोठून आली ते सांगत नाही. अमेरिकेतील कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स या दोघींनी पुढे या विचारावरून प्रश्नावली तयार केली आणि माणसांचे सोळा प्रकार पाडले. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. इझाबेलबाईंनी तर त्याआधी एक रहस्यकादंबरी लिहून बक्षीस मिळवले होते; पात्रे रंगवणाऱ्या हातांनीच ही मोजपट्टी आखली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. प्रश्नावलीत 'आय' हे अक्षर अंतर्मुखतेने अडवल्यामुळे अंतःप्रज्ञेच्या वाट्याला 'एन' आले.

येथे भाषांतरकाराची एक अडचण सांगतो. या कार्याला मराठीत कोणता शब्द द्यावा? 'अंतःप्रेरणा' म्हटले, तर आपल्या मंडळ्यांतील वाचकाला लगेच पवित्र आत्म्याचे स्मरण होते. 'साक्षात्कार' फारच मोठा. 'प्रतिभा' कवींच्या मालकीची. बोलीत आपण 'मनाने कौल दिला' म्हणतो, पण कौल म्हणजे निर्णय, आणि युंग तर सांगतात की हे कार्य निर्णय करीतच नाही. म्हणून 'अंतःप्रज्ञा' या जरा अवघड शब्दावर मी थांबतो. 'कळते पण वळत नाही' अशी आपली म्हण आहे. अंतःप्रज्ञेचा सारा कारभार त्यातल्या 'कळते'पाशी संपतो. वळण्याशी तिचा संबंध नाही. हे न ओळखल्यामुळे पुष्कळ घोटाळे होतात.

आता होम्सकडे वळू. आर्थर कॉनन डॉइल यांच्या १८८७ सालच्या पहिल्याच होम्सकथेत डॉ. वॉटसन प्रथम भेटतात, तेव्हा हस्तांदोलन करता करता होम्स त्यांना सांगतो, की तुम्ही अफगाणिस्तानातून आलेले दिसता. वॉटसन चकित होतात. पुढे होम्स उलगडा करतो : वैद्यकी पेशा, लष्करी डौल, उन्हाने काळवंडलेला चेहरा, पण मनगटे गोरी, आजारपणाच्या खुणा, जायबंदी डावा हात. या पायऱ्या तो जुन्या सवयीने इतक्या वेगाने चढून गेला होता, की मधल्या पायऱ्यांचे त्याला स्वतःलाच भान राहिले नव्हते. म्हणजे वॉटसनला जे अंतर्ज्ञान वाटले, ते घडी घातलेले निरीक्षण होते.

पुढच्या काळातील संशोधनाने या कल्पित प्रसंगाला बराच दुजोरा दिला आहे. १९७८ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी विल्यम चेस यांच्यासह बुद्धिबळपटूंवर केलेला अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. खऱ्या डावातील मांडणी काही क्षण दाखवली, तर निष्णात खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडत असे. सोंगट्या वाटेल तशा ठेवल्या, की त्याची सरशी जवळपास नाहीशी होई. जे हजारदा पाहिले, ते एका दृष्टिक्षेपात ओळखता येते. सायमन यांच्या मते अंतःप्रज्ञा म्हणजे ही ओळखच. मला हे मत पूर्णपणे पुरेसे वाटत नाही, पण ते आपले पाय जमिनीवर ठेवते. आपली अंतःप्रज्ञा आपण ज्यात वाढलो त्याची असते. ज्याने बुद्धिबळाचा पट पाहिला नाही, त्याचे मन त्यावर कौल देऊ लागले, तर तो कौल ऐकू नये.

दुसरे पात्र चेस्टरटन यांचे फादर ब्राउन. गुटगुटीत, विसराळू, हातात जुनाट छत्री असलेले हे कॅथलिक धर्मगुरू १९१० सालापासून वाचकांना भेटू लागले. प्रकार ठरवणारे यांनाही बहुधा 'एन' देतात, आणि त्यांचे चुकते असे म्हणवत नाही. पण १९२७ सालच्या संग्रहाच्या आरंभी एक अमेरिकन पाहुणा त्यांना त्यांच्या पद्धतीचे रहस्य विचारतो, तेव्हा ते सांगतात, की ते सगळे खून मीच केले होते. पाहुण्याची बोबडीच वळते. मग ते समजावून सांगतात : माणसाला दूर उभे राहून किड्यासारखे न्याहाळणे आणि त्याच्या कवटीची मापे घेणे हे मला जमत नाही, मी त्याच्या आत शिरतो, त्याच्या वासना माझ्या होईपर्यंत थांबतो, आणि मग मला दिसते की हा खुनी मीही होऊ शकलो असतो. हे संभाषण कोणाच्या घरी होते? फ्लँबो नावाच्या, एके काळी युरोपभर गाजलेल्या चोराच्या घरी, ज्याला याच धर्मगुरूंनी त्या वाटेवरून परत आणले होते.

वाचकहो, अक्षर एकच, पण दोन्ही जाणण्यांत केवढे अंतर! होम्सला कळते, कारण तो पाहतो. फादर ब्राउनना कळते, कारण ते स्वतःला वगळत नाहीत. चार अक्षरांच्या चौकटीत हा भेद मांडायला जागाच नाही. होम्सवर अन्याय मात्र नको. १८९२ सालच्या निळ्या माणकाच्या कथेत नाताळच्या दिवसांत सापडलेल्या घाबरट चोराला तोही सोडून देतो, या आशेने की तुरुंगाऐवजी क्षमेने हा माणूस वाचेल. त्या क्षणी होम्स काही नवे ओळखत नाही; ओळखणे अगोदरच संपलेले असते. तेथे 'वळणे' सुरू झालेले असते.

काल्पनिक पात्राबाबत या वर्गवारीने कोणाचे नुकसान होत नाही. होम्स म्हणजे डॉइल यांनी लिहिलेले तेवढेच. त्यापलीकडे त्याला दुखावले जाणारे मन नाही. उलट अशा वादांमुळे मुले पुस्तक बारकाईने वाचतात, हा लाभच. बिघडते ते याच सवयीने शेजारच्या बाकावरील माणूस वाचू लागल्यावर, कारण जिवंत माणसाचा पुष्कळसा भाग कोणत्याच पानावर लिहिलेला नसतो.

मराठीला जवळच्या एका बोलीत शुभवर्तमानाचे भाषांतर करण्यासाठी काही वर्षांपूर्वी माणसे निवडायची होती. निवड करणाऱ्या संस्थेने सर्व उमेदवारांकडून अशीच एक प्रश्नावली भरून घेतली. त्यात प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचा प्रकार 'संवेदन' निघाला आणि शेरा पडला, की मसुदालेखनाला अयोग्य, शुद्धलेखन तपासण्यास योग्य. त्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून वेलांट्या तपासू लागल्या. लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय चालू होता. दूरवर दिसणाऱ्या मुलाकडे बाप धावत जातो, तेथे मसुद्यात 'दया' हा शब्द होता. बाई मान वर न करता म्हणाल्या, "दया तर सावकारबी करतो, वसरीवर बसून. ह्यो म्हातारा पळत सुटलाय. बापाचं आतडं तुटलं म्हना."

खोलीत कोणी काही बोलले नाही. त्या ओळीतील ग्रीक क्रियापद 'स्प्लांख्ना' म्हणजे आतडी, काळीज, पोटातले अवयव, या शब्दापासून बनले आहे. लूक ते तीनच ठिकाणी वापरतो : नाईन गावच्या विधवेला पाहून प्रभूला जे झाले ते, जखमी वाटसरूला पाहून शोमरोन्याला जे झाले ते, आणि या बापाला जे झाले ते. बाईंना ग्रीक येत नव्हते. पण आतडे तुटणे म्हणजे काय, हे त्यांनी जन्मभर ओसरीवर, विहिरीवर, मयताच्या घरी ऐकले होते. यालाच अंतःप्रज्ञा म्हणायचे नसेल, तर त्या शब्दाचा उपयोग तरी काय? त्यांच्याकडे मसुद्याचे काम द्यावे, अशी लेखी विनंती मी केली. निकष सर्वांना सारखे आहेत, असे उत्तर आले. त्यांचा शब्द मसुद्यात गेला. त्या मात्र पुस्तक पुरे होईपर्यंत कोपऱ्यातच राहिल्या.

या प्रश्नावल्यांविषयी हेही सांगितले पाहिजे, की काही आठवड्यांनी तीच पुन्हा भरली, तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. स्वतः युंग यांनी १९३४ साली आपल्या ग्रंथाच्या अर्जेंटिनातील आवृत्तीच्या प्रस्तावनेत बजावले आहे, की पाहताक्षणी माणसांना चिठ्ठ्या चिकटवणे हा दिवाणखान्यातील पोरकट खेळ होय. आपल्या वर्गीकरणाने गुंतागुंतीच्या अनुभवांत वाट सापडावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पण मूळ लेखकाची प्रस्तावना वाचतो कोण!

आपल्या मंडळ्यांत धोका वेगळ्या वाटेनेही येतो. तेथे कोणी अक्षरे वापरीत नाही, तेथे म्हणतात, "त्या भावाविषयी प्रभूने मला दाखवले आहे." या वाक्याला उत्तर देता येत नाही, कारण अंतःप्रज्ञा पुरावा मागत नाही आणि देतही नाही. ती खोटी असते असे मी म्हणत नाही. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिताना आत्म्याला विझवू नका असेही सांगितले, आणि लगेच सर्व गोष्टी पारखून घ्या असेही सांगितले. ही दोन्ही वाक्ये एकाच श्वासातली आहेत. शमुवेल तर द्रष्टा होता. इशायाच्या घरी थोरल्या अलियाबाला पाहताच त्याच्या मनाने कौल दिला, की हाच अभिषिक्त. तो कौल चुकीचा होता, आणि मनुष्य बाहेरचे पाहतो हे परमेश्वराने सुनावले ते एखाद्या अडाण्याला नाही, त्या द्रष्ट्यालाच. मोठेपण एवढेच, की शमुवेल थांबला आणि धाकटा रानातून येईपर्यंत कोणी जेवायला बसले नाही.

युंग यांचे एक निरीक्षण मला येथे मोलाचे वाटते. अंतर्मुख अंतःप्रज्ञेच्या माणसाला दृश्ये दिसतात आणि तो त्यांतच रमतो. नैतिक प्रश्न सुरू होतो तो या दृश्याचा माझ्या जीवनाशी काय संबंध, त्यातून माझ्यावर कोणते कर्तव्य येते, असे तो विचारू लागला म्हणजे. त्या भावाविषयी मला काही दिसले असेल, तर पहिला प्रश्न त्याच्याविषयीचा नसतोच. मी त्याच्या दाराशी जाणार आहे काय?

लूकच्या पंधराव्या अध्यायातील थोरला मुलगा प्रकार ठरवणाऱ्यांना फार सोपा जातो : कर्तव्यदक्ष, हिशेबी, नियमांना धरून चालणारा. गोष्टीतला बाप त्याचा स्वभाव ओळखत नसेल असे नाही. इतकी वर्षे एका घरात काढली होती. तो त्याविषयी चाकरांपाशी काही बोलत नाही. मेजवानी सोडून तो बाहेर अंगणात येतो आणि मुलाची मनधरणी करतो. मुलगा आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेले नाही. त्या बोलीतल्या आमच्या पहिल्या मसुद्यात कोणीतरी भाबडेपणाने शेवटी एक वाक्य जोडले होते, की मग थोरलाही घरात गेला. कोपऱ्यातल्या बाईंनी त्यावर पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली होती, आणि छापताना ते वाक्य गाळले गेले.