सदसद्विवेकबुद्धि आणि लोकनियुक्त पुढारी

मतपेटींत मत टाकलें कीं मतदाराचें नैतिक कर्तव्य संपलें, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. हरलेल्या पक्षाच्या मतदारानें पांच वर्षें कुरकुर करावी व जिंकलेल्या पक्षाच्या मतदारानें पांच वर्षें टाळ्या वाजवाव्या, यापलीकडे त्यास कांहीं करावयाचें उरत नाहीं, असें आपण धरून चालतों. परंतु जनतेनें विधिपूर्वक निवडलेला पुढारीच, आपण महापातक मानतों अशा एखाद्या गोष्टीस कायद्याचें संरक्षण देऊं लागला, तर धर्मनिष्ठ मनुष्यानें त्याच्याशीं कसें वागावें? अमेरिकेंतील कॅथॉलिक मतदारांची चर्चा चालली असतां हा प्रश्न आमच्या वर्गांत एका विद्यार्थ्यानें विचारला, आणि त्या तासांत आम्हांस त्याचें नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा प्रयत्न करितों.

ती चर्चा अशी होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७३ सालीं गर्भपात हा स्त्रीचा घटनात्मक हक्क ठरविला व २०२२ सालीं तोच निर्णय फिरविला. या दोन निकालांच्या दरम्यान, नोव्हेंबर २०२० मध्यें, जो बायडेन अध्यक्ष निवडून आले. केनेडींच्या नंतर त्या पदावर आलेले हे दुसरे कॅथॉलिक गृहस्थ. गर्भधारणेच्या क्षणापासून जीव अवध्य आहे अशी त्यांच्या चर्चची शिकवण. आणि गर्भपाताचा हक्क कायम राहावा असें त्यांचें स्वतःचें राजकीय मत. २० जानेवारी २०२१ रोजीं, शपथविधीच्याच दिवशीं, तेथील बिशपांच्या परिषदेच्या अध्यक्षांनीं एक पत्रक काढलें. त्यांत नव्या अध्यक्षांसाठीं प्रार्थना होती, आणि गर्भपाताच्या धोरणाचा निषेधहि होता. कांहीं बिशपांस तें पत्रक अनुचित वाटलें. अशा नेत्यास कम्युनियनचा प्रसाद द्यावा कीं न द्यावा, यावर पुढें कित्येक महिने वाद झाला. अखेर त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत परिषदेनें जो लेख संमत केला, त्यांत बायडेन यांचें नांवहि नव्हतें.

मतदारापुरता विचार धर्माचार्यांनीं याआधींच केला होता. पुढें पोप झालेले कार्डिनल रॅट्झिंगर यांनीं २००४ सालीं अमेरिकन बिशपांस कळविलें कीं, गर्भपाताच्या समर्थनासाठींच कोणी एखाद्यास मत दिलें तर तो त्या पापाचा भागीदार होतो. परंतु तें धोरण मान्य नसतांना, इतर तितक्याच वजनदार कारणांसाठीं मत दिलें, तर तो संबंध दूरचा असून क्षम्य ठरूं शकतो.

आपल्या देशांतील कॅथॉलिकांस हा पेंच नवीन नाहीं. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालीं १९६४ सालीं नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून १९७१ चा गर्भपाताचा कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीनें कांहीं वर्गांतील स्त्रियांसाठीं त्याची मुदत २० आठवड्यांवरून २४ आठवड्यांपर्यंत गेली. चर्चचा विरोध मावळला नाहीं. तथापि वसईचा काय किंवा अमरावतीचा काय, कॅथॉलिक मतदार या अर्धशतकांत मत देत आला, आणि निवडून आलेल्याचें राज्य मानीत आला. त्याच्या धर्मसंस्थांच्या इस्पितळांनीं मात्र गर्भपात करण्याचें नाकारलें. राज्य मान्य करावयाचें, परंतु आपला हात लावावयाचा नाहीं, हें उत्तर त्यानें फारशी वाच्यता न करतां आचरणांतून दिलें आहे.

पण एवढ्यानें प्रश्न मिटत नाहीं. कारण आपली श्रद्धा कायद्यानें इतरांवर लादण्याचा प्रयत्न करावा कीं नाहीं, हें उरतेंच. येथें वऱ्हाडचा एक जुना अनुभव उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. १९२७ सालीं अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरांत अस्पृश्य मानलेल्या बांधवांस प्रवेश मिळावा म्हणून चळवळ झाली, आणि नोव्हेंबरांत इंद्रभुवन नाट्यगृहांत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं परिषद भरली. त्या चळवळीच्या बाजूस उभे राहिलेले डॉ. पंजाबराव देशमुख पुढच्याच वर्षीं जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, आणि त्यांनीं सार्वजनिक विहिरी सर्वांस खुल्या केल्या. पुढें ते मध्यप्रांत व वऱ्हाडचे मंत्री झाले. सनातनी मनुष्यास यांत धर्मबुडवेपणा दिसला. त्याची वेदना ढोंगी होती असें आम्ही म्हणत नाहीं. ती खरी होती. परंतु तिच्यावरून त्यानें काढलेला निष्कर्ष अन्यायाचा होता. ज्यांचें नांव घेतांच त्या काळीं कित्येकांच्या कपाळास आठी पडत असेल, त्यांचेंच नांव आज अकोल्याच्या कृषि विद्यापीठास आहे.

यावरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. वेदना उत्कट आहे एवढ्यावरून ती न्याय्य ठरत नाहीं, ही पहिली. दुसरी गोष्ट मात्र उलट बाजूची आहे, आणि सुधारक मंडळी ती विसरतात. पंजाबरावांनीं आपली सदसद्विवेकबुद्धि कौन्सिलच्या दाराबाहेर ठेवली नव्हती. ती बरोबर नेली म्हणूनच विहिरी खुल्या झाल्या. मग कॅथॉलिकासच तेवढें “तुझी श्रद्धा घरीं ठेव” असें कोणत्या तोंडानें सांगावें?

कोणी कॅथॉलिक वाचक यावर म्हणेल कीं, हा दृष्टांतच लंगडा आहे; सनातनी दुसऱ्यास देवळाबाहेर ठेवूं पाहत होता, आम्ही तर ज्यास स्वतःचा आवाज नाहीं अशा जीवास वांचवूं पाहतों. हा आक्षेप आम्हांस वजनदार वाटतो. ज्याच्या मतें ही हत्याच आहे, त्यानें मुकाट्यानें पाहत बसावें असें सांगणें म्हणजे त्यास निर्दय होण्यास सांगणें होय. परंतु तो जीव ज्या देहांत वाढतो, तो देह दुसऱ्या एका माणसाचा आहे. कायद्याचा हात गर्भापर्यंत पोंचावयाचा तर तो त्या स्त्रीच्या देहावरूनच पोंचतो. १८६० च्या दंडसंहितेनें खुद्द त्या स्त्रीसहि शिक्षा सांगितली होती. त्यामुळें गर्भपात थांबले नाहींत. ते चोरून होऊं लागले, आणि गर्भाबरोबर आईहि मरूं लागली. शाह समिती नेमण्यामागें हेंहि एक कारण होतें.

ती शिक्षा कायद्यांत असतांनाच जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. फसलेल्या विधवेनें तेथें यावें, गुप्तपणें बाळंत व्हावें, आणि मूल ठेवून जावें. तेथें जन्मलेल्या एका मुलास या दांपत्यानें दत्तक घेऊन आपलें नांव दिलें; तोच यशवंत. आमच्याच जिल्ह्यांत अचलपूरजवळ वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर यांनीं टाकून दिलेल्या अपंग मुलांना बापाच्या जागीं स्वतःचें नांव लावलें, आणि २०२४ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. गर्भ टाकूं नये असें सांगण्याचा अधिकार अशा माणसांच्या मुखीं शोभतो. ज्यानें पाळणा बांधला नाहीं त्यानें तुरुंग बांधण्याची घाई करूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

तेव्हां त्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर असें कीं, निवडून आलेल्या पुढाऱ्याचा अधिकार मोकळ्या मनानें मान्य करावा. ज्या मुद्द्यावर मन तुटतें, त्या मुद्द्यावर त्याच्या तोंडावर विरोध करावा. पण त्याच्या आत्म्याचा न्यायनिवाडा आपल्याकडे घेऊं नये. बाळंतिणीचें औषधपाणी, मजूर स्त्रीची भर पगारी रजा, दत्तकाची सोय, अशा जेवढ्या गोष्टींनीं एखाद्या स्त्रीवर ही पाळी येणें टळेल, तेवढ्यांत त्याच पुढाऱ्याचा हात धरून काम करावें. आणि पुढाऱ्यानेंहि, ज्या डॉक्टराचें वा परिचारिकेचें मन या कामास घेत नाहीं, त्यांवर सक्ति करूं नये.

या उत्तरानें धर्मनिष्ठ मतदाराची तळमळ शमेल असें आम्ही म्हणत नाहीं. आपण पाप मानतों तें आपल्याच राज्यांत चालूं असतांना पाहावें लागणें, हें ओझें त्याच्या खांद्यावरून कोणीहि उतरवूं शकत नाहीं. तें दुसऱ्याच्या पाठीवर न टाकतां त्यानें वाहिलें, तर त्याच्या शेजाऱ्यास निदान त्याच्या श्रद्धेचें भय वाटणार नाहीं. आणि ज्याचें भय वाटत नाहीं त्याचेंच म्हणणें माणूस केव्हां तरी ऐकून घेतो.