गंजलेला बोल्ट

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आला आहे, हे आपण जाणतोच. अवधूतांनी २४ गुरू केले. त्यात पृथ्वी, वारा, आकाश, पाणी आहेतच, पण बाण तयार करणारा एक साधा कारागीरही आहे. राजाची स्वारी वाजतगाजत शेजारून गेली तरी त्याचं ध्यान हातातल्या बाणावरून हललं नाही. त्याच्याकडून अवधूत एकाग्रता शिकले. म्हणजे गुरू मठातच भेटतो असं नाही, तो कामाच्या जागीही भेटतो. मी कॉमर्सचा पदवीधर, सगळी नोकरी बँकेच्या काउंटरमागे गेली. यंत्रातलं मला फारसं कळत नाही. तरी या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा एका स्कूटरच्या मिस्त्रीकडून मिळालेला पाठच समोर आला.

आधी प्रश्न सांगतो, मग पाठ. आमच्या पारायण मंडळात एक गृहस्थ आहेत. मुलानं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हापासून सहा वर्षं बापलेकांत बोलणं नाही. गेल्या दत्तजयंतीला सप्ताहाची समाप्ती झाल्यावर ते मला म्हणाले, "हे माझं तिसरं पारायण. दर वेळी संकल्प एकच, मुलगा घरी यावा. महाराज माझं ऐकत का नाहीत हो?" त्यांचे डोळे भरून आले होते. अशा प्रश्नाला पटकन उत्तर देऊ नये, म्हणून मी गप्प राहिलो.

आमच्याकडे एक जुनी चेतक स्कूटर आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आमच्या गल्लीत पाणी शिरलं आणि स्कूटर त्यात बुडाली. कृष्णामाईचं हेच पाणी नृसिंहवाडीला पादुकांवरून वाहतं, तेव्हा आपण दक्षिणद्वाराच्या स्नानाला धावत जातो. वाहिलं ते तीर्थ, साचून राहिलं तिथं गंज. पुढे काही वर्षं गाडी तशीच उभी होती. यंदा नातवाच्या हट्टापायी ती मिस्त्रीकडे नेली. सायलेन्सरमध्ये पुराचा गाळ बसला होता. तो काढायचा तर त्याचा बोल्ट सुटेना.

मी म्हटलं, "पान्याला लांब पाइप लावा आणि द्या एक झटका."

मिस्त्री हसला. "काका, जोर लावला तर बोल्टचं डोकं तुटंल. मग आत राहिलेला तुकडा ड्रिल मारून काढत बसाय लागंल. ह्यो गंज एका दिवसात बसला नाही, एका झटक्यात कसा सुटंल?"

मग त्यानं जे केलं ते मी स्टुलावर बसून पाहिलं. प्रथम तारेच्या ब्रशनं वरची माती आणि गंजाचे पापुद्रे साफ केले. मग आट्यांवर डिझेलचे थेंब सोडले. हातोडीनं बोल्टच्या डोक्यावर हलके हलके ठोके दिले, म्हणजे आतला गंज तडकतो आणि तेलाला वाट मिळते. "आता ऱ्हाऊ द्या," म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, पुन्हा ठोके. गॅसच्या ज्योतीनं तापवण्याचाही एक उपाय असतो, पण पेट्रोलची टाकी वरच होती, म्हणून त्यानं तो टाळला. उपाय खरा असला तरी जागा पाहून करायचा.

तिसऱ्या दिवशी त्यानं घट्ट बसणारा रिंग पाना लावला, आणि मला आश्चर्य वाटलं, कारण सोडवण्याऐवजी त्यानं बोल्ट आधी किंचित आवळला! म्हणाला, "आधी त्याच्या बाजूनं जरा जायचं. गंजाची पकड मोडली की मग आपल्या बाजूला घ्यायचा." 'कट्' असा बारीक आवाज झाला. मग थोडा सोडायचा, पुन्हा थोडा आवळायचा, मधे तेल. असं करत करत बोल्ट अखंड बाहेर आला.

भक्तहो, लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज होतो. तो मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांच्या फटीत फुगून बसतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर चक्रवाढ व्याजासारखं, हप्ता थकला की बोजा वाढत जातो. आणि आणखी एक गोष्ट. बोल्ट हातात देऊन मिस्त्री म्हणाला, "बघा, गंज दोन्हीकडं हाय." बोल्टच्या आट्यांवर होता तसाच तो ज्यात बसला होता त्या आट्यांतही होता. अबोला तसाच असतो. तो एकाला धरत नाही, दोघांच्या मधे धरतो.

आता श्रीगुरुचरित्राचा ४० वा अध्याय आठवा. कुष्ठानं पीडलेल्या नरहरी ब्राह्मणाला श्रीनृसिंहसरस्वती महाराजांनी औदुंबराचं वाळकं लाकूड दिलं, संगमावर रोवून रोज पाणी घालायला सांगितलं. लोक हसले. वाळक्या लाकडाला का कुठं पालवी फुटते? तो मात्र पाणी घालत राहिला. शेवटी महाराज स्वतः आले, कमंडलूतलं तीर्थ शिंपडलं आणि काष्ठ पल्लवित झालं. पालवी गुरुकृपेनं फुटली यात शंका नाही. पण महाराजांनी त्याला पालवी फोडायला सांगितलंच नव्हतं, पाणी घालायला सांगितलं होतं. आपलं काम तेवढंच.

पारायण हे तेल आहे, मंडळी, झटका नव्हे. ते मनाच्या आट्यांत झिरपायचं तर वरची अहंकाराची माती आधी साफ हवी, आणि पुढे धीर हवा. सात दिवस वाचलं, आठव्या दिवशी महाराजांकडे पावती मागितली, असा तो व्यवहार नाही.

हे सगळं मी त्या गृहस्थांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आणि ते आधी आवळायचं म्हणजे काय करू?" मी म्हटलं, "मुलगा घरी यावा हा तुमचा संकल्प. त्याआधी तुम्ही त्याच्या बाजूला थोडं जा. सुनेचं नाव घेऊन दोघांना प्रसाद पाठवा. आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या महिन्यात पुन्हा."

त्यांनी गुरुपौर्णिमेला पहिला प्रसाद पाठवला. पाकिटावर सुनेचं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं प्रथमच लिहिलं. काही उत्तर आलं नाही. दुसरा पाठवला, त्यालाही नाही. तिसऱ्यानंतर सुनेचा चार शब्दांचा निरोप आला, प्रसाद मिळाला म्हणून. मुलगा अजून आलेला नाही. पण परवा ते मला म्हणाले, "आत काहीतरी 'कट्' वाजलं बघा." यंदाच्या सप्ताहाला ते बसणार आहेत, आणि या वेळी संकल्पात मुलाच्या घरचं क्षेम एवढंच मागणार आहेत.

या दत्तजयंतीला प्रत्येकानं आपल्या घरातला, नात्यातला असा एक जाम बोल्ट शोधावा. त्याला पाइप लावू नये. रोज नामाचा एक थेंब घालावा, प्रेमाचा एक हलका ठोका द्यावा आणि आधी समोरच्याच्या बाजूला थोडं वळावं. तो कधी सुटेल ते श्रीगुरूंवर सोपवावं.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥