आवडीचा प्रश्न

इंग्रजी भाषेच्या रोजच्या बोलण्यांत दोन प्रश्न वारंवार कानीं पडतात. एक, 'आपणांस काय आवडेल?' आणि दुसरा, 'आपणांस कोणत्या प्रकारचें आवडतें?' चहा कीं कॉफी, दूध किती, साखर घालूं कीं नको, येथपासून तों कोणत्या प्रकारचीं पुस्तकें वाचतां, कोणत्या प्रकारचें संगीत ऐकतां, येथपर्यंत ह्या प्रश्नांचा पसारा असतो. शिकणारास ते बहुधा शेजारीं शेजारींच शिकवितात, आणि त्यामुळें दोनही एकाच सौजन्याचीं रूपें आहेत असा समज होतो. आम्हांस तसें वाटत नाहीं.

आधीं पहिला प्रश्न घेऊं. 'लाइक' ह्या क्रियापदाचा पूर्वेतिहास मोठा मौजेचा आहे. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ 'रुचणें' असा होता. रुचणारी वस्तु कर्ता, आणि माणूस चतुर्थींत. म्हणजे आपल्या 'मला चहा आवडतो' ह्या वाक्याचीच रचना. १६०० च्या सुमारास शेक्सपियरच्या नाटकांतही ती मधूनमधून आढळते. पुढें ती लोपली आणि माणूसच कर्ता होऊन बसला. मराठींत आवड आपणांस येऊन भेटते. आजच्या इंग्रजींत माणूस तिचा धनी असतो. म्हणून तेथें पाहुण्यास आवड विचारणें हें त्याच्या स्वामित्वास मान देणें होय. शिवाय 'आवडतें का' असें न विचारतां 'आवडेल का' असें संकेतार्थी क्रियापद योजिल्यानें नकारास दार उघडें राहतें. आपल्याकडे पाहुणा 'पुरे, पुरे' म्हणत असतां पानांत आणखी एक पोळी पडते, व तीच प्रेमाची खूण मानिली जाते. ह्यांत कोण अधिक सभ्य, हा वाद आम्ही मांडीत नाहीं. ('कांहींही चालेल' हें आपलें आवडतें उत्तर मात्र इंग्रज यजमानास पेंचांत टाकतें खरें!)

ह्या प्रश्नाचें मर्म असें कीं, विचारणारा उत्तरानें बांधला जातो. साखर नको म्हटल्यावर ती घालतां येत नाहीं. केंब्रिज येथें टॉमस हॉब्सन नांवाचा एक गृहस्थ भाड्यानें घोडे देत असे. तो १६३१ मध्यें वारला. चांगल्या घोड्यांवरच सदा भार पडूं नये म्हणून त्याचा नियम असा कीं, दाराजवळचा घोडा घ्या, नाहीं तर चालूं लागा. निवड नसलेल्या निवडीस इंग्रजींत अजून त्याचें नांव देतात. आमच्या मतें तो मनुष्य प्रामाणिक होता. द्यावयाचें नव्हतें म्हणून त्यानें विचारलेंच नाहीं.

दुसऱ्या प्रश्नाची गोष्ट निराळी. 'कोणत्या प्रकारचें' ह्यांतील 'काइंड' हा शब्द, नातलगांस उद्देशून येणारा 'किन' हा शब्द, आणि आपला 'जाति' हा शब्द, हे तिन्ही जन्मवाचक अशा एकाच प्राचीन धातूपासून निघालेले आहेत. आंब्याची जात विचारणें निरुपद्रवी आहे. परंतु कोणत्या प्रकारचें संगीत आवडतें असें जेव्हां नवपरिचितास विचारतात, तेव्हां पुष्कळदां संगीताची नव्हे तर माणसाचीच जात पाहावयाची असते. १९५४ मध्यें ॲलन रॉस ह्या भाषाशास्त्रज्ञानें इंग्रज उच्चवर्ग कोणत्या शब्दांवरून ओळखूं येतो ह्याची चर्चा केली. जेवणाच्या रुमालास 'नॅपकिन' म्हणणारा वरचा, 'सर्व्हिएट' म्हणणारा खालचा! कपांत दूध आधीं कीं चहा आधीं, ह्यावरूनही तेथें माणसाची पायरी ठरविली गेली आहे. आपण आडनांव व गांव विचारून जें काढून घेतों, तेंच तेथें आवडीनिवडी विचारून काढतात. पद्धत मात्र गोड.

आणि ती गोड पद्धत आपल्याही घरांत चांगली रुळली आहे. मुलगी पाहावयास आलेली मंडळी पोहे खातां खातां तिला विचारतात, 'तुला काय काय आवडतें?' वाचन म्हणावें तर शिष्ट, स्वयंपाक म्हणावें तर पढविलेली. तिच्या उत्तरानें समोरचा कोणीही कशासही बांधला जात नाहीं. ती मात्र तोलली जाते. आणि ज्या एका आवडीस तेथें खरें महत्त्व, म्हणजे समोर बसलेला मुलगा तिला आवडला कीं नाहीं, ती विचारण्याची आठवण कित्येक घरांत अगदीं शेवटीं होते, किंवा होतच नाहीं. होकार पोहोंचल्यावर विचारलेला प्रश्न हा हॉब्सनचाच घोडा. फरक एवढाच कीं, हॉब्सन निवडीचें सोंग करीत नसे.

कठोपनिषदांत यमाच्या दारीं नचिकेता तीन रात्री उपाशी राहिला. आतिथ्यांत चूक झाली म्हणून यजमानानें तीन वर मागावयास सांगितलें. तिसऱ्या वरांत त्या मुलानें मरणापलीकडचें ज्ञान मागितलें तेव्हां यम गडबडला. हत्ती, घोडे, सोनें, दीर्घायुष्य, जें हवें तें घे, पण हें विचारूं नको, अशी त्यानें विनवणी केली. श्रेय व प्रेय ह्यांचा प्रसिद्ध विवेक पुढें येतो, आणि पंडितांचें लक्ष स्वाभाविकच तिकडे जातें. आमचें लक्ष त्याआधींच्या क्षणाकडे जातें. नचिकेता कोणत्या प्रकारचा मुलगा आहे, हें यमास त्या उत्तरावरून पुरतें कळलें होतें. पण तेवढ्यावर त्याची सुटका झाली नाहीं. विचारून बसल्यामुळें त्याला तें ज्ञान द्यावें लागलें.