ऑक्सिजन आपणहून जातो

जास्त संहतीकडून कमी संहतीकडे रेणू जातात, ही विसरणाची व्याख्या आपण शाळेत पाठ करतो. ती चुकीची नाही, पण तिच्यामुळे रेणूला कुठेतरी जायचे असते असा समज होतो. त्याला काहीच नको असते. तो नुसता धावत, आदळत राहतो. गर्दीतून निघणारे जास्त आणि गर्दीकडे येणारे कमी, एवढाच तो हिशेब. या हेतुशून्य धावपळीवर प्राणिमात्रांचा श्वास चालतो, हे मान्य व्हायला जवळजवळ शतक जावे लागले.

ग्लासगोच्या थॉमस ग्रॅहमने १८३३ साली नियम मांडला: वायू पसरण्याचा वेग त्याच्या घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ऑक्सिजन हायड्रोजनच्या सोळापट जड, म्हणून हायड्रोजन चौपट वेगाने पसरतो. नियम मिळाला, कारण मिळाले नाही. १८५७ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउझियसने रेणूंचे वेग काढले. गोठणबिंदूच्या तापमानाला ऑक्सिजनचा रेणू सेकंदाला ४६१ मीटर धावतो. त्यावर डच हवामानशास्त्रज्ञ बाईस बॅलट याने विचारले, मग तंबाखूचा धूर स्थिर हवेत इतका वेळ तरंगत कसा राहतो? या साऱ्या इतिहासात मला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. त्याला उत्तर देताना क्लाउझियसला दिसले की रेणू दोन टकरींच्या मधे अगदी थोडे अंतर कापतो आणि लगेच भलत्याच दिशेला फेकला जातो. वेग प्रचंड, प्रगती मंद.

ही मंदी अंतराच्या वर्गाने वाढते. पाण्यात १० मायक्रॉन अंतर पार करायला ऑक्सिजनला सेकंदाचा सुमारे चाळिसावा भाग पुरतो. एका सेंटिमीटरला सात तास लागतात आणि एका मीटरला आठ वर्षे. हवेत तो साधारण दहा हजारपट वेगाने पसरतो, म्हणून हवा भरलेल्या बारीक नळ्यांवर कीटकांचे भागते. जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या जीवाला रक्ताभिसरण लागत नाही. आपल्याला हृदय लागते, कारण पायाच्या अंगठ्यापर्यंत विसरणाची वाट पाहत बसता येत नाही. लांबचा प्रवास रक्ताने करायचा आणि शेवटचे काही मायक्रॉन विसरणाने.

पण फुफ्फुसात? कोपनहेगनचे क्रिस्तियान बोर, पुढे अणूच्या रचनेसाठी प्रसिद्ध झालेल्या नील्स बोर यांचे वडील, मानत की फुफ्फुस ऑक्सिजन आत ओढून घेते, ग्रंथी जसा स्राव करते तसे. काही मोजमापांत त्यांना रक्तातला ऑक्सिजनचा दाब वायुकोशातल्या हवेपेक्षा जास्त आढळला होता. त्यांचेच सहायक ऑगस्ट क्रोग यांनी रक्ताशी हवेचा बारीकसा बुडबुडा समतोलात आणून त्यातले वायू मोजण्याची पद्धत बसवली. रक्तातला दाब प्रत्येक वेळी कमीच भरला. १९१० साली त्यांनी व त्यांच्या पत्नी मारी यांनी हे सारे सात निबंधांत मांडले. गुरूंचे मत खोडताना क्रोग यांनी त्यांचे ऋण उघडपणे नोंदवले. विरोध कसा करावा, याचा हा नमुना आहे. ब्रिटनमधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉल्डेन मात्र विरळ हवेत फुफ्फुस स्राव करते, यावर ठाम राहिले. ते तपासायला १९२० साली केंब्रिजमध्ये जोसेफ बारक्रॉफ्ट कमी ऑक्सिजनच्या काचेच्या खोलीत सहा दिवस राहिले आणि मनगटाची धमनी उघडून रक्त दिले. तिथेही विसरणच खरे ठरले.

फुफ्फुस स्वतः काही ढकलत नाही. ते विसरणाला जागा करून देते: कोट्यवधी वायुकोश, सुमारे ७० चौरस मीटर पृष्ठभाग आणि अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीचा पडदा. फुफ्फुस तंतुमय होते तेव्हा हा पडदा जाड होतो, आणि छाती नीट हलत असूनही माणसाला धाप लागते.

हा दोष मोजण्याची रीत मारी क्रोग यांनी १९१५ साली दिली. रुग्ण कार्बन मोनॉक्साइडचा अत्यल्प अंश असलेली हवा ओढून सुमारे दहा सेकंद श्वास रोखतो, आणि किती वायू रक्तात गेला ते पाहिले जाते. सुधारलेल्या रूपात ही चाचणी आजही रुग्णालयांत केली जाते.