कामाचे निमित्त

वार्धक्यातील एखाद्या शांत दिवसाचा हिशेब मांडू गेलो, तर हाती फारसे लागत नाही. बँकेत पासबुक भरून घेणे, औषधांच्या दुकानात एक फेरी, चष्म्याची सैल झालेली दांडी बसवून घेणे, आणि परतताना आजारी स्नेह्याच्या घरी अर्धा कप चहा. यवतमाळात असे दिवस काढणारे आम्ही पुष्कळ आहोत. जग याला वेळ घालवणे म्हणते. पण हा वेळ खरोखर वाया जातो काय?

दर नोव्हेंबरात या प्रश्नाचे उत्तर आम्हांस मिळते. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून हयातीचा दाखला द्यावा लागतो. शेतांत कापसाची वेचणी चाललेली असताना खेड्यापाड्यांतील वृद्ध घाटंजी, नेर, दारव्हा अशा तालुक्याच्या गावी येतात. बँकेतील बाकावर जुने सहकारी भेटतात. यंदा कोण आले नाही, याची चौकशी होते. कागदावरील सही आम्ही जिवंत असल्याचे सांगते. आम्ही कोणाचे तरी आहोत, हे मात्र त्या चौकशीतूनच कळते.

१० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय सोय सुरू केली. २०२१ पासून मोबाइलसमोर चेहरा धरूनही हा दाखला घरबसल्या देता येतो. अंथरुणाला खिळलेल्यांवर हा मोठाच उपकार आहे. त्यास नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र हातीपायी धड असलेल्या वृद्धांचीही कामे मुले प्रेमापोटी एकेक करून आपल्याकडे घेतात. विजेचे बिल, औषधे, किराणा, सारे काही फोनवर होते. “तुम्ही कशाला त्रास घेता?” या शब्दांत माया असते, यात शंका नाही. परंतु कामाबरोबर घराबाहेर पडण्याचे निमित्तही जाते. उतारवयात नुसते भेटायला म्हणून कोणाच्या दारी जाण्याचा संकोच वाटतो. “इकडे कामाला आलो होतो, म्हणून डोकावलो,” एवढे म्हटले की तो संकोच सरतो. कामच उरले नाही, तर हे वाक्य उच्चारावे कसे?

याच्या उलट एक उदाहरण आहे. ऑगस्ट २०२२ पासून राज्यात ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला; ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट आहे. पैसे वाचले, हे खरेच. पण ‘घरी बसा’ न म्हणता ‘निघा’ म्हणणारी ही सवलत आम्हांस अधिक मोलाची वाटते. 

वृद्धांचे ओझे उचलावे, हा धर्मच आहे. मात्र उचलण्यापूर्वी ते ओझे आहे की आधाराची काठी, हे त्यांनाच विचारावे. आणि ज्यांचे पाय अजून चालतात, त्या आम्हांवरही एक कर्तव्य आहेच. ज्यांना आता घराबाहेर पडवत नाही, ते कोणाची तरी वाट पाहत असतात. बाजाराची पिशवी हाती घेऊन, दोन संत्री अधिक घेऊन, त्यांच्या दारावरून घरी परतावे. तेवढ्याने दिवस सार्थकी लागतो.