पकड

अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी भल्या लांब कापडावर ‘पंचीकरण’ लिहिलं. तीच त्यांची पासोडी. एवढी अक्षरं उमटवणाऱ्या हाताचं कौतुक करावं तेवढं थोडंच!

पण हाताचं बळ असतं कुठे? मूठ घट्ट आवळा आणि दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग चाचपून पाहा. तिथे स्नायू टणक होतात. बोटं वळवणारे मोठे स्नायू तळहातात नसतात, ते तिथे असतात. त्यांच्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत पोचतात. म्हणून नुसतं मनगट फिरवून भागत नाही, पकड कमवावी लागते.

तालमींनी हे केव्हाच ओळखलं होतं. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवा जोम दिला. एरंडेल चोळलेलं गुळगुळीत लाकूड किंवा गाठ न मारलेला दोर, त्यावर सगळं अंग पेलायचं!

कुस्तीतही पकडच लागते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लाल मातीतून १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला गेले आणि कुस्तीतलं कांस्यपदक घेऊन आले.

घरी दांड्याला थोडा वेळ लोंबकळावं, हलका मुद्गल फिरवावा. दुखलं तर थांबावं. कंडरा स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात.

आज अंघोळीनंतर पंचा स्वतःच पिळा, उजवीकडे आणि डावीकडेही.