सदक्याची धाव कोठवर?

वाचकहो, शिवजयंतीच्या सुमारास आपण जुन्नर, नारायणगाव, मंचर या मार्गाने कधी गेला असाल, तर हाती शिवज्योत घेऊन धावणारे तरुण आपण अवश्य पाहिले असतील. शिवनेरीवर ज्योत पेटवायची आणि आळीपाळीने धावत ती आपल्या गावी न्यायची, ही प्रथा या मुलखाच्या अंगवळणी पडली आहे. एकत्र धावणे आपल्याला नवे नाही. अलीकडे शहरांतून दुसरी एक रीत आली आहे. मित्रमंडळींनी रविवारी पहाटे मिळून धावायचे आणि त्या निमित्ताने एखाद्या सेवाकार्यासाठी निधी उभारायचा. २००४ पासून भरणाऱ्या मुंबई मॅरेथॉनने ही रीत महाराष्ट्राच्या परिचयाची केली.

समजा, उद्या जुन्नर-आंबेगावच्या तरुणांनी असा गट काढला, त्यात आपली मुलेही सामील झाली आणि जमलेला पैसा एखाद्या हॉस्पिसला द्यायचे ठरले. अशा वेळी आपल्या मनात एक प्रश्न उभा राहील, आणि तो राहिलाच पाहिजे. छातीवर क्रमांक, गळ्यात पदक आणि समोर कॅमेरा अशा थाटात दिलेले दान अल्लाहच्या दरबारी सदका ठरते, की रिया, म्हणजे निव्वळ दिखावा?

प्रथम हॉस्पिस म्हणजे काय, हे ध्यानी घेऊ. जो आजार आता बरा होणार नाही, त्यात रुग्णाची वेदना हलकी करणारे, त्याला व त्याच्या घरच्यांना धीर देणारे ते सेवासदन होय. आपल्या देशातील पहिले हॉस्पिस, 'शांती अवेदना सदन', १९८६ साली मुंबईत सुरू झाले. पुण्याजवळ वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून हीच सेवा विनामूल्य देत आहे. जुन्नरहून ते सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार अशा शुश्रूषेची गरज असलेल्या शंभरांपैकी केवळ चौदा जणांना ती लाभते. भीमाशंकरच्या कुशीतील एखाद्या वाडीवरच्या रुग्णाला "आता घरी न्या" असे सांगितले गेले, की त्यापुढील रात्री त्या घराने कशा काढायच्या? या कार्याला पैसा लागतो, याविषयी दुमत नसावे.

आता दिखाव्याचा प्रश्न. दिव्य कुरआनने या बाबतीत समतोल राखला आहे. सूरह अल-बकराच्या २७१ व्या आयतीचा आशय असा, की उघडपणे दिलेले दानही चांगले आहे आणि गुपचूप गरजूंच्या हाती दिलेले दान अधिक चांगले आहे. उघड दानाचे एक मोल तर आदरणीय प्रेषित (स.) यांच्या हयातीतच दिसून आले. मुदर कबिल्याचे लोक अनवाणी, अपुऱ्या वस्त्रांत मदीनेत आले. त्यांची दैना पाहून प्रेषितांचा (स.) चेहरा पालटला आणि त्यांनी लोकांना दानाचे आवाहन केले. तेव्हा एका अन्सारी सहाबींनी हाताला न पेलणारी जड थैली सर्वांसमक्ष आणून ठेवली. ते पाहून इतरही पुढे सरसावले आणि धान्याचे व कपड्यांचे ढीग लागले. सहीह मुस्लिममध्ये नोंदलेल्या या प्रसंगी प्रेषितांनी (स.) सांगितले, की जो चांगल्या रीतीचा पायंडा पाडतो, त्याला स्वतःचे पुण्य तर मिळतेच, शिवाय मागाहून तसे करणाऱ्यांच्या पुण्याइतकेही मिळते. पहाटे धावणारा गट पाहून दुसऱ्या गावच्या तरुणांना तीच प्रेरणा झाली, तर ती याच जातीची गोष्ट नव्हे काय?

कोणी म्हणेल, दान तर दान, त्यात धावण्याची मौज कशाला? परंतु इस्लामने निर्मळ आनंदाला सत्कर्माचा शत्रू मानलेले नाही. प्रेषितांनी (स.) प्रवासात हजरत आयशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावल्याचे अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात नमूद आहे. दररोज सूर्य उगवतो तेव्हा मनुष्याच्या प्रत्येक सांध्यावर एक सदका लागू होतो, अशीही शिकवण आहे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, आणि निरोगी पायांची कृतज्ञता पाय गमावलेल्याच्या उपयोगी पडून व्यक्त व्हावी, यात गैर ते काय?

येथवर सर्व सुकर आहे. खरी अडचण यापुढे आहे.

वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने पाहा. दिखाव्यासाठी दिलेल्या शंभर रुपयांतून जेवढे मॉर्फिन येते, तेवढेच निर्मळ नीयतीच्या शंभर रुपयांतूनही येते. औषधाला दात्याचे अंतःकरण कळत नाही. मग रियाने नुकसान होते ते केवळ दात्याचे, त्याच्या आखिरतचे, असे आपण म्हणू. हे खरे आहे, पण अपुरे आहे. रियाचा घाव रुग्णापर्यंतही पोहोचतो, आणि तो असा: दिखाव्यासाठी केलेले काम दिखावा संपला की थांबते. शर्यतीची रेषा ओलांडली, छायाचित्र निघाले, धनादेश दिला गेला. त्यानंतरच्या सोमवारी त्या खाटेशेजारी कोण बसले?

मरणपंथाला लागलेल्या माणसाला औषधाइतकीच सोबतीची गरज असते, आणि ती धावून देता येत नाही. त्यासाठी थांबावे लागते, बसावे लागते, कधी मूकपणे हात हाती धरावा लागतो. एका हदीसे-कुदसीचा आशय आपणास ठाऊक आहेच. कयामतच्या दिवशी अल्लाह आदमच्या लेकराला विचारील, की मी आजारी असताना तू माझ्या भेटीस का आला नाहीस. माणूस चकित होईल, तेव्हा त्याला सांगितले जाईल, की अमुक दास आजारी होता, तू गेला असतास तर मला त्याच्यापाशी पावला असतास. प्रश्न भेटीचा आहे. 'मी निधी पाठवला होता' हे त्याचे उत्तर होऊ शकेल काय? आणि ही भेट केवळ स्वधर्मीयांपुरती नाही. आपली सेवा करणारा यहुदी मुलगा आजारी पडला, तेव्हा प्रेषित (स.) स्वतः त्याच्या घरी गेले, त्याच्या उशाशी बसले.

केरळने या दोन्ही गोष्टी जोडून दाखवल्या आहेत. १९९३ साली कोझिकोडला सुरू झालेल्या उपशामक शुश्रूषेच्या कार्यातून पुढे शेजारसेवेचे जाळे विणले गेले. मुस्लिमबहुल मलप्पुरमपासून अनेक जिल्ह्यांत सामान्य माणसे लहान-लहान वर्गणी देतात आणि आठवड्यातून निदान दोन तास रुग्णांच्या घरी जातात. तेथे दान देणारा आणि उशाशी बसणारा बहुधा एकच असतो.

म्हणून, वाचकहो, आपल्या मुलांनी अशा गटात जायचे ठरवले तर त्यांना अडवू नका. फक्त धावून घरी आल्यावर एक गोष्ट विचारा: ज्या रविवारी कोणी क्रमांक देणार नाही, कोणी वेळ मोजणार नाही, त्या रविवारी तू गल्लीतल्या त्या आजारी चाचांकडे किंवा शेजारच्या आजींकडे तासभर बसशील का? उत्तर 'हो' असेल, तर छातीवरचा क्रमांक निश्चिंत मनाने मिरवू द्या. उत्तर अडखळले, तर रागावू नका. त्याचा हात धरा आणि प्रथम आपणच त्या दारी जा, कारण हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे.

सूरह अद-दहरमध्ये अशा सज्जनांचे वर्णन आले आहे, जे अल्लाहखातर भुकेल्यांना खाऊ घालतात आणि त्यांच्याकडून मोबदलाच काय, आभारही अपेक्षीत नाहीत. अखेरच्या घटका मोजणारा रुग्ण आपले आभार मानायला उरणारही नाही. कदाचित म्हणूनच त्याची सेवा ही नीयतीची सर्वांत खरी कसोटी आहे.

अल्लाह आपल्या पावलांना बळ आणि आपल्या नीयतीला निर्मळता देवो, आणि रुग्णाच्या दारी थांबण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.